लाईट, रांग आणि रेशनकार्ड: नाशिकमधल्या सरकारी किरणोपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण कॅन्सर रुग्णांच्या घरच्यांना कागदपत्रं लावायला आणि योग्य दारापर्यंत पोहोचायला मदत करतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उपचार कोणते घ्यायचे हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते उपचार मध्येच सुटू नयेत म्हणून काय करता येतं, ते इथे वाचा.

१. लाईट, शेक, रेडिएशन, किरणोपचार हे सगळं एकच का?

एकच. गावाकडे ‘शेक’ म्हणतात, दवाखान्याच्या ओळीत ‘लाईट’ म्हणतात आणि केसपेपरवर ‘आरटी’ लिहिलेलं असतं. ‘शेक’ या शब्दामुळे म्हातारी माणसं उगाच घाबरतात. चटका बसत नाही, सुई टोचत नाही, किरण दिसतही नाहीत. मशीनखाली काही मिनिटं न हलता पडून राहायचं असतं. जोरदार किरणांनी गाठीतल्या पेशींची वाढण्याची ताकद मोडते. आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही थोडा मार बसतो, पण त्या दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच सावरतात. केमोचं औषध सगळ्या अंगात फिरतं, लाईट जिथे दिला तिथेच काम करतो. म्हणूनच डोक्यावर लाईट नसेल तर लाईटमुळे डोक्याचे केस जात नाहीत.

२. रोज कशाला बोलावतात? एकदाच मोठा डोस देऊन मोकळं का करत नाहीत?

चांगल्या पेशींना सावरायला रात्र मिळावी म्हणून. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण ३० ते ३५ वेळा लाईट लागतो, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस धरून सहा-सात आठवडे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण २५ वेळा आणि मग आतून (प्रश्न ११). स्तनाच्या कॅन्सरला आता अनेक ठिकाणी १५ वेळाच देतात, पाच आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत होतं. काही दुखण्यांवर एकदाच लाईट पुरतो, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. नाशिकमध्ये सरकारी दवाखान्यात नेमकं कुठे जायचं? सिव्हिलला की संदर्भला?

त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे पहिल्या तपासणीचं आणि बायोप्सीचं (गाठीचा तुकडा काढून तपासण्याचं) ठिकाण. शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या आजारांसाठी आहे आणि नावाप्रमाणे ते फक्त शहराचं नाही, विभागाचं आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि अहिल्यानगरची माणसंही तिथे येतात. लाईटची चौकशी तिथल्या कर्करोग विभागात करा. फोनवर मिळालेल्या माहितीवर विसंबू नका. फाइल घेऊन सकाळी लवकर समोर उभं राहा आणि तीन गोष्टी विचारा: मशीन आज चालू आहे का, माझ्या आजाराला ते चालतं का, आणि पहिली तारीख कधीची मिळेल.

तिथे जमत नसेल तर सरकारी योजनेत बसलेली खासगी आणि ट्रस्टची रुग्णालयं शहरात आणि घोटीच्या बाजूला आहेत. तिथे उपचार खासगी भिंतींआड होतात, पण पैसे सरकार भरतं.

४. पैसे किती लागतील? पांढरं रेशनकार्ड आहे, मग योजनेत बसत नाही ना?

बसता. ही जुनी समजूत अजून गावोगाव फिरते आणि तिच्यापायी लोक गाय विकतात, सोसायटीचं कर्ज काढतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. आयुष्मान भारत योजनेशी जोडून वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं कवच मिळतं. त्यात किरणोपचाराची पॅकेजेस आहेत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ५ लाख हे कुटुंबाचे आहेत. ऑपरेशन, केमो, लाईट आणि त्याच वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणाची अँजिओप्लास्टी, सगळं त्यातच. दुसरी, उपचार सुरू होण्याआधी मंजुरी लागते. आधी रोख भरून मग ‘योजनेत बसवा’ म्हटलं तर बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलात की पैशाच्या काउंटरकडे वळण्याआधी त्या टेबलाकडे वळा. घरात ७० वर्षांवरचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

५. योजनेत मंजुरी मिळाली, तरी रुग्णालय ‘वरचे’ पैसे मागतंय. द्यायचे का?

मंजूर पॅकेजमधल्या उपचारासाठी पैसे मागता येत नाहीत. भांडू नका. ‘कशाचे पैसे ते कागदावर लिहून द्या’ एवढंच म्हणा. या एका वाक्यावर अर्धे प्रश्न जागीच सुटतात, हा आमचा अनुभव. नाही सुटला तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या योजनेच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ट्रस्टचं रुग्णालय असेल तर आणखी एक हक्क आहे: कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही दाद धर्मादाय आयुक्त कार्यालयात मागता येते. योजनेबाहेरच्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज करता येतो.

६. पहिल्या दिवशी काय घेऊन जायचं? त्या दिवशीच लाईट मिळतो का?

बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म्स, ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद, रेशनकार्ड, आधार. बायोप्सीशिवाय सहसा काहीच हलत नाही.

पहिल्या दिवशी लाईट मिळत नाही, आणि लोक इथेच नाराज होऊन घरी जातात. आधी नियोजन होतं. चेहरा-मान असेल तर मास्क करतात. पांढरी जाळीची शीट गरम पाण्यात टाकली की मऊ होते, ती ओल्या फडक्यासारखी चेहऱ्यावर दाबून धरतात, आणि काही मिनिटांत ती नाक-हनुवटीचा आकार घेऊन कडक होते. रोज त्याच मास्कने डोकं टेबलाला अडकवतात, म्हणजे मान रेसभरही हलत नाही. एका आजींनी मास्क घालायला साफ नकार दिला होता. जाळीच्या भोकांतून श्वास घेता येतो हे तंत्रज्ञ मुलीने स्वतःच्या तोंडाशी मास्क धरून दाखवलं, तेव्हा त्या टेबलावर झोपल्या. त्यानंतर सीटी स्कॅन होतो, डॉक्टर गाठीची हद्द आखतात, भौतिकतज्ज्ञ डोसचं गणित मांडतात. याला काही दिवस ते आठवडा जातो. अंगावर शाईच्या खुणा केल्या असतील तर त्या घासून काढू नका.

७. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आहे. तोवर आजार वाढणार नाही का?

काळजी रास्त आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर लाईट साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असं मानतात. तारीख त्यापलीकडे जात असेल तर डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख दाखवून स्पष्ट विचारा आणि दुसऱ्या केंद्रासाठी चिठ्ठी मागा. चिठ्ठी मागणं हा डॉक्टरांचा अपमान नाही.

मधले दिवस वाया घालवू नका. तोंड-घशाचा लाईट असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे आधी जा. किडलेले दात काढायचे असतील तर ते आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. तंबाखू, मिश्री, गुटखा त्याच दिवशी बंद. आणि वजन सांभाळा. खिमट, अंडं, दूध, शेंगदाण्याचा कूट, जे जाईल ते.

८. मधेच मशीन बंद पडलं. दोन दिवस झाले. काय करायचं?

घरी जाऊन बसू नका. एक-दोन दिवसांचा खंड पुढे भरून काढता येतो. शनिवारी लाईट देऊन, किंवा एका दिवसात किमान सहा तासांचं अंतर ठेवून दोनदा देऊन. तो निर्णय डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञांचा, पण विचारणं तुमचं काम: ‘राहिलेले दिवस कसे भरून काढणार?’ आठवडा उलटायची वेळ आली तर दुसरीकडे हलवण्याबद्दल विचारा. मात्र अर्ध्यातून केंद्र बदलणं सोपं नसतं. नवीन ठिकाणी नियोजन पुन्हा करावं लागतं आणि आजवर कुठल्या भागाला किती डोस, किती वेळा दिला याचा लेखी गोषवारा लागतो. तो हातात घेतल्याशिवाय निघू नका. योजनेतली मंजुरीही दुसरीकडे नव्याने घ्यावी लागेल, हे आरोग्यमित्राशी बोलून घ्या.

९. द्राक्षाची छाटणी आहे / घरात लग्न आहे / दहावा आहे. चार दिवस सुट्टी घेतली तर चालेल?

नाही. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वेगाने वाढतात. तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उपचाराचा काळ जितका लांबतो तितकी आजार बरा होण्याची शक्यता घटते, आणि नंतर चार दिवस जास्त घेऊन ती पूर्ण भरून येत नाही. निफाड-दिंडोरीकडची माणसं ऑक्टोबर छाटणीला थांबतात, ते आम्हाला कळतं. मजूर मिळत नाहीत, बाग एक दिवस ऐकत नाही. पण लाईटही ऐकत नाही. जमलं तर पहिली तारीख घेतानाच डॉक्टरांना कामाचा हंगाम सांगा.

त्रास होतो म्हणून थांबणारेही बरेच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलतं, गिळवत नाही, कातडी काळवंडते. तेव्हा घरी राहू नका, त्रास डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषध आहे, नळीने अन्न देता येतं. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या स्नानाचे दिवस येतील, रस्ते बंद होतील. त्या काळात उपचार सुरू असतील तर शहरात राहण्याची सोय आधीच बघून ठेवा.

१०. ‘कोबाल्ट’ म्हणजे जुनं मशीन. ते घ्यायचं नाही, लिनॅकच पाहिजे, असं भाऊ म्हणतो. खरं काय?

भावाचं अर्धं खरं आहे. कोबाल्ट मशीनमध्ये कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचा स्रोत असतो, त्यातून किरण अखंड निघतात आणि झडप उघडली की रुग्णापर्यंत येतात. वीज कमी लागते, बिघाड कमी, देखभाल सोपी. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच जातीचं ‘भाभाट्रॉन’ हे देशी मशीन बनवलं. लिनॅकमध्ये किरणोत्सारी स्रोत नसतो. विजेवर इलेक्ट्रॉन पळवून धातूवर आदळवतात आणि क्ष-किरण तयार करतात. ते खोलवर जातात, गाठीच्या आकाराप्रमाणे वळवता येतात, त्यामुळे लाळग्रंथी, मणका, आतडी वाचवणं सोपं जातं. पोटातल्या खोल गाठीला किंवा डोळ्याजवळच्या गाठीला डॉक्टर लिनॅक सांगत असतील तर त्याला कारण आहे. पण हाडाच्या दुखण्याला आणि इतर बऱ्याच आजारांना कोबाल्ट चांगलं काम करतं. लिनॅकसाठी चार महिने थांबण्यापेक्षा आज मिळणारं कोबाल्ट अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. नवा स्रोत असताना ज्या डोसला दोन मिनिटं लागतात त्यालाच मग चार मिनिटं लागतात. डोस तोच मिळतो, पण दिवसभरात बसणारे रुग्ण कमी होतात आणि बाहेरची रांग वाढते. म्हणून नुसतं ‘मशीन आहे’ हे उत्तर पुरेसं नसतं. स्रोत कधी बदलला, हे विचारायला हवं (प्रश्न १८).

११. बाहेरचा लाईट नाशिकमध्ये संपला, आता ‘आतला लाईट’ दुसरीकडे घ्या म्हणतात. हे काय?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून लाईट दिल्यावर योनीमार्गातून नळ्या ठेवून आतून किरण देतात. त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. त्यासाठी सहसा इरिडियम-१९२ वापरतात. त्याची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून स्रोत दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. खर्च आणि पाठपुरावा दोन्ही सतत चालू ठेवावे लागतात, त्यामुळे ही सोय सगळीकडे नसते.

बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपायला हवा. म्हणून हा प्रश्न शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी विचारा: ‘आतला लाईट इथेच मिळेल का? नसेल तर कुठे, आणि तारीख आताच घेऊन ठेवू का?’ आतला लाईट सोडून दिलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. ‘बाहेरचा झाला, बरं वाटतंय’ म्हणून त्या घरी गेल्या. आतला लाईट हा अर्धा उपचार आहे, जास्तीचा नाही.

१२. वडील थकलेत, आजार हाडात गेलाय. सुरगाण्याहून रोज कसं आणू?

रोज आणावं लागेलच असं नाही. हाडात पसरलेल्या आजाराचं दुखणं कमी करण्यासाठी बऱ्याच रुग्णांना एकच मोठा डोस पाच-दहा दिवसांच्या लाईटइतकाच आराम देतो. डॉक्टरांना विचारा, ‘एका वेळेत होण्यासारखं आहे का? आम्ही लांबून येतो.’ घर किती लांब आहे हे गर्दीच्या ओपीडीत कुणी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. पण पाय अचानक लुळे पडले, लघवी अडली तर ती तातडीची वेळ समजा आणि त्याच दिवशी आणा. मणक्यातली नस दबलेली असू शकते.

१३. सरळ टाटालाच नेलं तर?

परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. अवघड, दुर्मीळ कॅन्सर, लहान मुलांचे कॅन्सर, किंवा निदानातच शंका असेल तर जरूर जा.

पण तोंडाच्या किंवा स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरला सात आठवडे मुंबईत राहणं म्हणजे काय, ते आधी घरात बसून मोजा. बरोबर एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, खोलीभाडं, दोन वेळचं जेवण. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशी मायेची ठिकाणं आहेत, पण तिथेही जागेसाठी थांबावं लागतं. आमचा सल्ला असा की सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून टाटाचं मत एकदा घ्या, उपचाराचा आराखडा लिहून आणा, आणि लाईट शक्य असेल तर नाशिकमध्येच घ्या. टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली ती याचसाठी, की चांगला उपचार घराजवळ मिळावा.

येवला-नांदगावकडच्या लोकांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचाही विचार करावा. तेही सरकारी आहे.

१४. गाडीभाड्यात सवलत मिळते का?

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये दोघांनाही ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं, मोबाइलवर हे तिकीट निघत नाही. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, दाखला आगारात दाखवा.

१५. लाईट घेतलेल्या माणसाजवळ लहान मुलांनी जावं का? अंगाला हळद, खोबरेल लावू का?

जावं. नातवंडांना मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. बाहेरून लाईट घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काही दिवस लांब राहायला सांगतात. हळद, तेल, बाम, पावडर काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लाईटच्या जागी लावू नका. सुती, सैल कपडे घाला, ऊन टाळा. पेसमेकर असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर नियोजनाच्या आधीच सांगा.

१६. आम्ही डांगचे, गुजरातचे. पण नाशिक जवळ पडतं. योजना चालेल?

महाराष्ट्राची योजना महाराष्ट्राच्या रेशनकार्डावर चालते. पण केंद्राचं आयुष्मान कार्ड असेल तर ते देशात कुठेही, त्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. घरून निघण्याआधी १४५५५ वर फोन करून कार्ड चालू आहे ना आणि ते रुग्णालय यादीत आहे ना, हे पक्कं करा.

१७. जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे केअर सुरू होणार असं ऐकलं. म्हणजे लाईट तिथेच मिळेल?

नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर केंद्रांची घोषणा झाली. डे केअर म्हणजे मुख्यतः केमोचं सलाइन दिवसा देऊन संध्याकाळी घरी. त्याचा उपयोग मोठा आहे, पण लाईटसाठी मशीन आणि त्याची खास इमारत लागते. ती वेगळीच गोष्ट आहे (पुढचा प्रश्न).

१८. मालेगावला, कळवणला सरकार मशीन का बसवत नाही? आणि आम्ही काय करू शकतो?

आधी गरज किती ते पाहा. कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी लाईट लागतो. दहा लाख लोकांमागे किमान एक मशीन हा नेहमी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय दंडक. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती आणि पाच जिल्ह्यांच्या विभागाची सुमारे १ कोटी ८६ लाख. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने जिल्ह्याला सहा आणि विभागाला अठरा मशीन हवीत.

मशीन विकत घेणं हा त्यातला सोपा भाग. त्यासाठी मीटर-दीड मीटर, कुठे त्याहूनही जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते. नकाशापासून चालवण्याच्या परवान्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते. किरणोपचार तज्ज्ञ, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, किरणसुरक्षा अधिकारी आणि तंत्रज्ञ नसतील तर परवाना नाही. एक भौतिकतज्ज्ञ नोकरी सोडून गेला आणि जागा भरली नाही, तर कोट्यवधींचं मशीन झाकून ठेवायची वेळ येते. म्हणून आम्हाला वाटतं, प्रत्येक तालुक्यात मशीन मागण्याआधी विभागीय ठिकाणी दोन-तीन मशीन बारा महिने, दोन पाळ्यांत चालणारी मागावीत आणि जवळच रुग्णांना राहायला निवारा मागावा. मालेगावची मागणी खोटी नाही. पण तंत्रज्ञाविना बंद पडलेलं मशीन मालेगावकरांच्या काही कामाचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तीन स्तरांचं कर्करोग उपचार धोरण मंजूर केलं. त्यात टाटा सगळ्यात वर आणि नाशिकचं संदर्भ सेवा रुग्णालय दुसऱ्या स्तरात आहे. कागदावर ही चांगली जागा आहे. ती प्रत्यक्षात उतरते का, हे बघायला माहितीचा अधिकार वापरा. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आम्ही अर्जात हे विचारतो: किरणोपचार विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, मागच्या वर्षभरात मशीन किती दिवस बंद होतं आणि कशामुळे, देखभाल करार कुठल्या तारखेपर्यंत आहे, कोबाल्ट असेल तर स्रोत शेवटचा कधी बदलला, आणि नोंदणीपासून पहिल्या लाईटपर्यंत सरासरी किती दिवस लागतात. तुमच्या हाती उत्तर आलं तर त्याची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. या पानात भर घालू.